नाताळचं कुलूप

१४ डिसेंबर

हॅरल्ड गेल्यापासून ही वही उघडली नव्हती. आज उघडली, कारण बोलायला मेंढ्यांशिवाय कुणी नाही, आणि मेंढ्यांना काही सांगावं तर त्या तोंडाकडे बघत रवंथ करतात. माझी सासूही तेच करायची.

दुपारी विल्फ रेस्ट्रिक आला. ओढ्यापलीकडे बहिणीजवळ राहतो, गडगे रचतो. ना चुना ना माती, नुसता दगडावर दगड, आणि वाऱ्यापावसात ढिम्म हलत नाही. सगळ्या यॉर्कशरात असा हात नसेल. माणूसही त्याच दगडाचा, तोंडातून शब्द काढायला पहार लागते. दारातच उभं राहून म्हणाला, "तुझ्या साकवाची तिसरी फळी कुजलीय, एनिड." मग टोपी हातात फिरवत राहिला. मी म्हटलं, क्लिफर्डला सांगते. तरी हलेना. शेवटी मलाच दया आली. त्याची बहीण एडना नाताळला लेकीकडे जाणार हे मला माहीत होतं. म्हटलं, मग तू काय, उकडलेलं अंडं खाऊन सण साजरा करणार? जेवायला इकडे ये. केक मी केलाय, त्याच्याबरोबर खायला चीज तू आण.

साकवापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "पांढरं की निळं?"

"पांढरं. केकबरोबर ते निळ्या बुरशीचं कोण खातं?"

"बघू," म्हणाला आणि गेला. बघू म्हणे. मोठा लॉर्डच लागून गेलाय.

१७ डिसेंबर

पाटी रंगवली होती मी. 'सांभाळा, फळी कुजली आहे.' अक्षरं जरा वाकडी आली, पण वाचता येत होती. फाटकाला ठोकून झाली आणि क्लिफर्ड उगवला. हा हॅरल्डचा थोरला भाऊ, माझा दीर. सल्ला द्यायला याला बोलवावं लागत नाही. पाटी पाहून कपाळाला हात लावला. म्हणे, पाटी लावलीस म्हणजे धोका तुला ठाऊक होता असं तूच लिहून दिलंस, उद्या कुणी पडलं तर तुझीच पाटी तुझ्या गळ्यात. काढ आधी. नवीन वर्ष लागलं की मीच फळी बदलतो, लाकूड आहे माझ्याकडे.

मला ते काही पटलं नाही. सावध करणारा दोषी कसा? पण कायद्याचं डोकं आपल्याला नाही, आणि हॅरल्डही असंच काहीतरी म्हणायचा. काढली. गोठ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

२४ डिसेंबर

बर्फ पडतोय. गावचा बँड गल्लीतून वाजवत गेला. हॅरल्डच्या आवडीचं गाणं माझ्या दारात वाजवलं आणि मी खिडकीआड उभी राहून ऐकलं. दार उघडलं असतं तर त्यांना माझं तोंड दिसलं असतं.

मांस भरून भाजलेली पाई जरा मोठीच झाली. एकट्या बाईला एवढी कशाला, देव जाणे. विल्फ काही यायचा नाही. बघू म्हणजे काय होकार असतो?

उद्या साकवापलीकडच्या फाटकाला कुलूप लावायचं आहे. वरच्या आळीतले सगळे दुकानाला, चर्चला माझ्या अंगणातून आणि साकवावरूनच जातात, नाहीतर खालच्या पुलापर्यंत भला मोठा वळसा. हॅरल्डने कधी कुणाला अडवलं नाही. पण वीस वर्षं वाट सलग उघडी राहिली की ती साऱ्या गावाची होते, मग मालकाचं तिथे काही चालत नाही. म्हणून वर्षातून एक दिवस बंद करायची. आमच्या दरीत सगळे नाताळलाच करतात, म्हणजे कुणाची अडचण नको. त्यातूनही कुणी आलंच, तर हॅरल्ड स्वतः हात देऊन त्याला फाटकावरून अलीकडे घ्यायचा. म्हणायचा, "कुलूप कायद्याला आहे, तुला नाही."

२५ डिसेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी उठल्याबरोबर कुलूप लावलं. या वेळी पहिल्यांदाच मी लावलं, आणि खरं सांगायचं तर जरा ऐटीतच लावलं. जेवायच्या वेळेला ओढ्याकडून कडाड आवाज आला. मला वाटलं, बर्फाने फांदी मोडली. मग मेंढ्या एका बाजूला पळाल्या तेव्हा बाहेर गेले.

विल्फ होता. फाटकावरून चढून आला होता. बर्फात फळ्या दिसत नव्हत्या, तरी तिसरी त्याला ठाऊकच होती. ती त्याने ओलांडली आणि शेजारची चौथी त्याच्याखाली मोडली. खाली कमरेएवढं पाणी, आणि उजवा हात तुळई आणि दगड यांच्या मध्ये चेचलेला. मी पाण्यात उतरून त्याला धरून उभी राहिले. क्लिफर्ड धावत आला, मग अ‍ॅम्ब्युलन्स आली. तेवढ्या वेळात विल्फ एकदाच बोलला. "टोपी गेली माझी," म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याचा कोट उघडला तेव्हा आत टाय होता. त्याच्या चॅपलची प्रार्थना सकाळीच आटोपली होती. मग टाय कशाला?

मी त्याला बोलावलं नव्हतं. म्हणजे बोलावलं होतं, पण तो बघू म्हणाला. बघू म्हणजे होकार नव्हे.

३० डिसेंबर

हात वाचला, पण नावालाच. बोटं मिटत नाहीत. डॉक्टरांनी एडनाला सांगितलं की हा हात पुन्हा दगड उचलायचा नाही.



७ जानेवारी

एडना आली. पाठीमागच्या दाराने नाही, पुढच्या. आमच्याकडे पुढच्या दाराने फक्त पाद्री आणि पोलीस येतात. शाळेत एका बाकावर बसलेल्या आम्ही. चहा घेतला नाही. म्हणाली, मला तुझ्याशी भांडण नको, पण विल्फला गडग्यांशिवाय दुसरं काही येत नाही, आणि माझ्या शिवणकामावर दोघांचं भागायचं नाही. तिने वकील केलाय.

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. ती गेल्यावर घरभर फिरून प्रत्येक वस्तू पाहिली. विमा हॅरल्डने केव्हाच सोडून दिला होता. या दरीत कोण कुणावर खटला भरतंय, असं म्हणायचा. आता भरपाई द्यायची वेळ आली तर हे घर, वरचं कुरण, मेंढ्या, यांतूनच द्यायची. दुसरं आहे काय माझ्याकडे?

१३ जानेवारी

क्लिफर्डने मला स्किप्टनला लिस्टर वकिलांकडे नेलं. स्वच्छ नखांचा, हळू बोलणारा माणूस. म्हणाला, "मिसेस डिन्सडेल, सगळं एका प्रश्नावर आहे. तो तुमच्या जागेत कोण म्हणून आला होता?"

विल्फ म्हणून, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्याने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. पाहुणा असेल, किंवा तुमच्या परवानगीने येणारा असेल, तर त्याच्या पायाखालची वाट धड ठेवणं तुमचं काम. तिसरी फळी कुजल्याचं कळल्यावर चौथी तपासणंही त्यातच आलं. पण घुसखोर असेल तर तुमच्यावरचा भार पुष्कळ हलका. त्यालाही कायदा अगदी वाऱ्यावर सोडत नाही. धोका तुम्हाला ठाऊक असेल आणि कुणी येईलसं वाटत असेल, तर त्याला थोपवायला काहीतरी करायला हवं. कुलूप हे ते काहीतरी. एरवी कुठल्याही दिवशी विल्फ पडला असता तर तो परवानगीचा माणूस ठरला असता. पडला तो नेमका नाताळला, म्हणून घुसखोर.

म्हणजे तोच माणूस, तीच फळी, तोच हात. फक्त तारीख बदलली.

"इशाऱ्याची पाटी होती का?" त्याने विचारलं.

"होती. गोठ्यात."

त्याने चष्मा काढून पुसला. क्लिफर्ड खिडकीबाहेर बघायला लागला. पाटी जागेवर असती तर तुमची बाजू किती भक्कम झाली असती, असं वकील म्हणाला, आणि पाटी लावल्याने माणूस अडकतो हा गावोगावचा खुळा समज आहे असंही. क्लिफर्डचे कान लालबुंद झाले.

मग मी विचारलं, कुलूप कधी लावलंच नसतं आणि वाट गावाची झाली असती तर? लिस्टर जरा हसला. म्हणाला, तर कुजलेल्या फळीसाठी तुम्हाला बहुधा काहीच द्यावं लागलं नसतं, सार्वजनिक वाटेने जाणाऱ्याला मालकाचा पाहुणा धरत नाहीत. हॅरल्डने जन्मभर एवढी कुलपं लावली ती वाट आपली राहावी म्हणून. राहिली. आता ती वाटच आपल्याला गिळते की काय!

शेवटी वकिलाने विचारलं, "निमंत्रण वगैरे काही होतं?"

मी म्हटलं, "तसं काही नाही."

तसं काही नाही. हे माझेच शब्द.

२२ जानेवारी

लिस्टरचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. विल्फने स्वतःच्याच वकिलाला सांगितलंय की त्याला कुणी बोलावलं नव्हतं. फाटकाला कुलूप दिसत होतं, तरी तो चढला, पबात जायला जवळची वाट म्हणून. चूक त्याचीच. आता तुम्ही तेवढं एक निवेदन सही करा, दावा उभाच राहायचा नाही.

विल्फ आणि पब? चॅपलचा माणूस, त्यांच्या पंथात दारू वर्ज्य, जन्मात बिअरचा थेंब घेतला नाही. लग्नातसुद्धा लिंबूपाणी पितो. मी क्लिफर्डला तसं म्हटलं तर म्हणतो, नाताळपासून सुरू करायची असेल.

मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं ते लिहायलाच हवं. घर राहील, कुरण राहील, मेंढ्या राहतील. रात्री पोटभर जेवले. आणि जेवून झाल्यावर घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

३१ जानेवारी

निवेदन टाईप होऊन आलंय. 'सदर व्यक्तीस मी बोलावले नव्हते.' सही राहिली आहे. क्लिफर्ड रोज विचारतो. मी रोज सांगते, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर असतो.

चॅपलजवळ एडना दिसली. तिने मान वळवली. माझ्यावर आहे त्याहून जास्त ती विल्फवर चिडली आहे म्हणतात. म्हणे, इतका खरा माणूस, आणि आयुष्यातलं एकच खोटं बोलला तेही स्वतःच्याच मुळावर. असं का केलं असेल त्याने, मला काही उलगडत नाही. तापात होता म्हणावं, तर ताप केव्हाच उतरलाय.

९ फेब्रुवारी

बर्फ वितळला. ओढ्याच्या वळणावर झुडपांत काहीतरी पांढरं अडकलं होतं. मला वाटलं, मेलेलं कोकरू. काठीने ओढलं.

चीज होतं. आख्खं चाक, कापडात गुंडाळलेलं, वर लाल फीत. गाठ तशीच होती. पांढरं.

तिथेच ओल्या गवतात बसले. फीत विल्फने बांधली असणार, इतकी वेडीवाकडी गाठ कुठलाही दुकानदार बांधणार नाही. तो माझ्या घरी येत होता. पबात नाही, दुकानात नाही, माझ्या टेबलापाशी. मी बोलावलं म्हणून. आणि मीच बोलावून मीच कुलूप लावलं, वर ऐटीत.

बघू म्हणजे नाही, असं मी तेव्हापासून स्वतःला पढवत होते. रेस्ट्रिकच्या तोंडी बघू म्हणजे काय असतं हे मला शाळेपासून ठाऊक आहे. मी लबाड बाई आहे.

१० फेब्रुवारी

खालच्या पुलावरून वळसा घालून गेले. विल्फ स्वयंपाकघरात एकटाच होता, हात उशीवर ठेवलेला. मी चीज टेबलावर ठेवलं.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"विल्फ, पांढरं आहे."

त्याने डाव्या हाताने चीज माझ्याकडे सरकवलं. मी विचारलं, पबात चीज घेऊन जातात का? तर म्हणे, कधीकधी. मी म्हटलं, तुला खोटं बोलता येत नाही, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस.

"तुझं घर जाईल, एनिड."

"आणि तुझा हात?"

"तो गेलाच आहे. आता दोघांनी कशाला बुडायचं?"

मग मी विचारलं, जे मला नाताळपासून टोचत होतं. "कुलूप दिसलं तुला. तेव्हाच परत का नाही गेलास?"

त्याने माझ्याकडे अगदी नवल वाटून पाहिलं. "तू बोलावलं होतंस ना," म्हणाला. "मला वाटलं, कुलूप कायद्याला आहे."

मी त्याच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. हॅरल्डच्या दफनालाही चारचौघांत रडले नव्हते. विल्फ उठला, डाव्या हाताने किटलीत पाणी भरायला लागला आणि अर्धं सांडलं. मी मदतीला उठले तर म्हणाला, बस.

१२ फेब्रुवारी

लिस्टरच्या टेबलावर ते निवेदन उलटं ठेवलं आणि सांगितलं, दुसरं लिहा. तो माझा पाहुणा होता. मी त्याला जेवायला बोलावलं होतं. फळी कुजल्याचं मला ठाऊक होतं, त्यानेच सांगितलं होतं. पाटी मी लावली आणि मीच काढली.

वकिलाने पेन खाली ठेवलं. म्हणाला, समोरचा माणूसच नाही म्हणतोय, तर हे सांगायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही. मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून तुम्हीच विचारताय तो कोण होता म्हणून. आता सांगितलं तर नको झालं?

क्लिफर्ड परतताना भडकला होता. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास, हॅरल्डने जन्म घालवला त्या कुरणासाठी, आणि तू एका जेवणासाठी उधळतेस. मी ऐकून घेतलं. खिंडीपाशी त्याने गाडी बाजूला घेतली.

"पाटी काढायला मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "ते का नाही बोललीस?"

"काढली मीच ना."

त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, फळीही मीच लांबणीवर टाकली. मी म्हटलं, हो. त्याने गाडी परत रस्त्यावर घेतली.

१६ एप्रिल

न्यायालयात न जाता मिटलं. विल्फला फळी ठाऊक होती आणि तो बर्फात चढला, म्हणून थोडा दोष त्याच्याही माथी मारला. विल्फ म्हणाला, थोडा का, अजून घाला. एडनाने त्याला टेबलाखालून लाथ मारली, मला दिसलं.

वरचं कुरण गेलं आणि बऱ्याच मेंढ्या गेल्या. घर राहिलं. कुरण लीड्सच्या एका माणसाने घेतलं. पहिल्याच दिवशी त्याने पाटी ठोकली, 'खासगी जागा, प्रवेश बंद'. अक्षरं मात्र सरळ आहेत. सकाळी मेंढ्या सवयीने त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना काय सांगणार! मलाही तिकडे बघवत नाही. हॅरल्ड असता तर त्याने काय केलं असतं, हा विचार मी करत नाही. करायला गेले तर झोप उडते.

न्याय झाला का, ते मला सांगता येणार नाही. एका कुजक्या फळीसाठी माझं कुरण जावं हे मला जड जातं. पण त्याचा हात जावा आणि त्याला घुसखोर म्हणून हाकलावं, हे त्याहून जड गेलं असतं. कायद्याने एवढं विचारलं, पण त्याने टाय का घातला होता, ते काही कुणी विचारलं नाही.

२५ डिसेंबर

किल्ली खिळ्यालाच आहे. क्लिफर्ड सकाळी येऊन म्हणाला, आज नाही लावलंस तर वीस वर्षांनी वाट गावाची होईल. मी म्हटलं, होऊ दे, वीस वर्षांनी तू आणि मी दोघंही चर्चच्या आवारात आडवे असू, तिथून काय ते भांडू. त्यावर हसला. उन्हाळ्यात सगळ्या फळ्या त्यानेच बदलल्या. विल्फ काठावर स्टुलावर बसून एकेक फळी ठोकून बघायचा आणि मान हलवायचा. क्लिफर्डने इतका अपमान जन्मात सोसला नसेल.

विल्फ जेवायला आला. डाव्या बगलेत चीज, पांढरं. दार उघडं होतं तरी वाजवलं. गळ्यात तोच टाय. त्याची गाठ आता एडना बांधून देते. त्या टायचं एवढं काय आहे मला कळत नाही, रंग पार विटलाय. वाढदिवसाला नवा घेऊन द्यावा म्हणते.

जाताना मी त्याला साकवापर्यंत सोडायला गेले आणि तिथे माझ्या लक्षात आलं. कठडा एकाच बाजूला आहे. येताना तो त्याच्या डाव्या हाताला असतो. परत जाताना उजव्या. उजवा हात काही धरत नाही. इतक्या महिन्यांत तो किती वेळा असाच परतला असेल, बोलला नाही. वकिलांनी विचारलं नाही, क्लिफर्डला सुचलं नाही, मलाही नाही.

मी त्याच्या डाव्या अंगाला गेले आणि त्याचा हात धरला. पलीकडे पोचेपर्यंत तो पायाखाली बघतच नव्हता. मी ओरडले त्याला, बाबा रे, फळ्यांकडे बघ.

क्लिफर्डला सांगायचं आहे, दुसऱ्या बाजूलाही कठडा घाल. नवीन वर्ष लागल्यावर नाही, उद्याच. तोवर मी आहे.